गुलिस्तानचा पाचवा बाब

आमच्या आजोबांच्या लोखंडी पेटीत शेख सादींच्या फारसी ‘गुलिस्तान’ची एक प्रत होती. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याची, शिळाछाप, कडांना वाळवी लागलेली. निजामाच्या अमलात मराठवाड्यातल्या एका खेड्यात, मशिदीला लागून असलेल्या मकतबमध्ये आजोबा हे पुस्तक शिकले. ओळींच्या मधल्या जागेत त्यांनी शिसपेन्सिलीने अवघड शब्दांचे अर्थ लिहून ठेवले आहेत. आमच्या शाळेच्या कपाटात ‘गुलिस्तान’ची दुसरी एक प्रत आहे. ती उर्दू तर्जुम्याची, विद्यार्थ्यांसाठी म्हणून काढलेली. आमची फारसी जेमतेम. म्हणून एका उन्हाळी सुट्टीत आम्ही दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचायला बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मूळ पुस्तकात आठ बाब, म्हणजे आठ प्रकरणे आहेत. शाळेच्या प्रतीत चौथा बाब संपला की एकदम सहावा सुरू होतो. पाचवा कुठे गेला, याबद्दल एक अक्षर नाही.

आजोबांच्या प्रतीत पाचवा बाब शाबूत आहे. तिथेही पेन्सिलीचे अर्थ आहेत, आणि इतर पानांवर आहेत तितकेच दाट आहेत. म्हणजे मौलवी साहेबांनी तो शिकवला आणि आजोबांनी तो शिकून घेतला. आजोबा पाच वक्ताचे नमाजी होते, रमजानचा एक रोजा त्यांनी कधी सोडला नाही. त्यांच्या ईमानाला या प्रकरणाने कुठे धक्का लागल्याचे आमच्या घरात कोणाला आठवत नाही.

या बाबचा विषय इश्क आणि तारुण्य. त्यातल्या बऱ्याच हिकायतींमध्ये प्रेम करणारा पुरुष आहे आणि ज्याच्यावर प्रेम आहे तोही पुरुषच आहे. सुलतान महमूद आणि त्याचा गुलाम अयाज यांची गोष्ट त्यात आहे. हमदानच्या काझीची गोष्ट त्यात आहे. या काझीचा जीव एका नालबंदाच्या पोरावर जडतो, गावभर बोभाटा होतो, सोबती समजावतात, काझी ऐकत नाही. शेवटी बादशहा स्वतः पहाटे त्याला पकडायला येतो. काझी विचारतो, सूर्य कोणत्या दिशेने उगवला? पूर्वेने, असे उत्तर मिळते. मग तौबाचा दरवाजा अजून उघडा आहे, असे काझी म्हणतो. कारण सूर्य पश्चिमेकडून उगवेपर्यंत तो बंद होत नाही अशी हदीस आहे. पुढे तो अशी काही हजरजबाबी करतो की बादशहाला हसू येते आणि काझीचा जीव वाचतो. सादींनी हे १२५८ साली लिहिले. गुन्हा आहे, शरम आहे, लोकनिंदा आहे, तौबा आहे, माफी आहे आणि वर विनोदही आहे. पुढे सहा-सातशे वर्षे बुखाऱ्यापासून बंगालपर्यंतची मुसलमान मुले हे पुस्तक वाचून फारसी शिकली.

इथे एक गोष्ट शिक्षक म्हणून स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. या हिकायती त्या पोराच्या नजरेतून सांगितलेल्या नाहीत. बोलतो तो काझी, बोलतो तो उस्ताद (एका हिकायतीत शागिर्दावर भाळलेला उस्तादही आहे). मोठ्या माणसाने आपल्या वयाचा आणि पदाचा जोर असलेल्या ठिकाणी कोवळ्या मुलावर नजर ठेवावी, यात आज कोणताही शिक्षक सौंदर्य शोधणार नाही, आणि २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने असल्या गोष्टीला जागा ठेवलेली नाही हे योग्यच झाले. दोन सज्ञान माणसांचा आपसातला प्रश्न वेगळा आहे. आमचे लोक या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरतात आणि पोत्याचे तोंड शिवून टाकतात.

दीनचे म्हणाल तर, आम्ही मुफ्ती नाही. कुरआन शरीफमध्ये हजरत लूत अलैहिस्सलाम यांच्या कौमचा किस्सा अनेक सूरतींमध्ये येतो. आराफ, हूद, शुअरा, नम्ल, अन्कबूत ही नावे चटकन आठवतात. जमहूर उलमा त्यावरून पुरुषांमधला शरीरसंबंध हराम ठरवतात. शिक्षा कोणती यावर मात इमामांमध्ये एकमत नव्हते. इमाम अबू हनीफांनी तो ‘हद’चा गुन्हा मानला नाही, काझीच्या विवेकावर सोपवलेल्या ‘ताजीर’मध्ये ठेवला, त्यांच्याच दोन नामांकित शागिर्दांनी त्यांच्याशी मतभेद नोंदवला. अलीकडे स्कॉट कूगल यांच्यासारख्या अभ्यासकाने लूतच्या कौमचा अपराध म्हणजे जबरदस्ती, लुटालूट आणि पाहुण्यांची विटंबना होती, असे मांडले आहे. उलमांना ते मान्य नाही. हा वाद ज्यांचा आहे त्यांनी करावा. आमचे म्हणणे एवढेच की आमच्या दीनने हा विषय लपवला नाही. बारा वर्षांचा हाफिज मुलगा तरावीहमध्ये त्या आयती मोठ्याने पढतो, मागे त्याचे वडील आणि आजोबा उभे असतात. मग उर्दू शाळेच्या पुस्तकातून पाचवा बाब कोणी काढला?

याचे उत्तर शोधताना आम्हाला वारंवार एकच माणूस भेटला : डेप्युटी नजीर अहमद. उर्दूचे पहिले कादंबरीकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. दिल्लीच्या मशिदीत राहून, घरोघर भाकरी मागून ते शिकले, मग दिल्ली कॉलेजात गेले, शिक्षण खात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर झाले. १८६० साली इंडियन पीनल कोड आला, तेव्हा त्याचा उर्दू तर्जुमा करणाऱ्यांत ते होते. त्या तर्जुम्याला नाव मिळाले ‘ताजीरात-ए-हिंद’. त्याच कोडात कलम ३७७ होते. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंध ठेवणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. या कलमाची मुळे इंग्लंडात, आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्यात. ज्या शब्दाने इमाम अबू हनीफांनी काझीला थोडी मोकळीक दिली होती, त्याच शब्दाच्या नावाखाली मेकॉलेचे पक्के कलम उर्दूत आले. आणि गंमत अशी की त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५८ मध्ये, खलीफाच्या उस्मानी सल्तनतीने जो नवा फौजदारी कायदा केला, त्यात सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या अशा संबंधाला शिक्षाच नव्हती. आज आमच्या मोहल्ल्यात कोणी ३७७ ला शरीयतचे कलम समजत असेल, तर त्याला हा इतिहास कोणी शिकवलेला नाही.

पुढे १८६८ मध्ये वायव्य प्रांताच्या सरकारने देशी भाषांतल्या उपयुक्त पुस्तकांसाठी बक्षिसे जाहीर केली. स्त्रिया आणि मुलांच्या हाती देण्याजोगी पुस्तके सरकारला हवी होती. डेप्युटी साहेबांच्या ‘मिरात-उल-उरूस’ला १८६९ मध्ये हजार रुपये मिळाले. १८७४ मध्ये ‘तौबतुन्नसूह’ आली, तिलाही बक्षीस मिळाले, आणि ती वर्षानुवर्षे शाळा-परीक्षांना लागत राहिली. नसूहला हैजा होतो, तापात त्याला हश्रच्या मैदानाचे स्वप्न पडते, बरा झाल्यावर तो स्वतः सुधारतो आणि घराला सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम शायर आहे, तो ऐकत नाही. कलीम घर सोडून जातो तेव्हा नसूह त्याची सजवलेली खोली उघडतो आणि त्याची किताबे जाळून टाकतो. याच कादंबरीत नसूहने आपल्या बायकोला, फहमीदाला, ‘गुलिस्तान’ शिकवल्याचा उल्लेख आहे. शिकवताना नको तो मजकूर त्याने झाकून टाकला होता. आमच्या शाळेच्या कपाटातल्या प्रतीचा जन्म आम्हाला तिथे दिसतो.

डेप्युटी साहेबांना आम्ही खलनायक करू इच्छित नाही. मुलींनी शिकावे म्हणून त्यांनी लेखणी उचलली, आणि ती भाषा! दिल्लीच्या घरातल्या बायकांची बोली त्यांच्याइतकी कोणी लिहिली नाही. १८५७ नंतर मुसलमानांच्या हातून राज्य गेले होते, अब्रू गेली होती, आणि इंग्रज त्यांच्या शायरीकडे बोट दाखवून म्हणत होता की बघा, यामुळे तुम्ही बुडालात. हरलेल्या माणसाला स्वतःच्या घरातली प्रत्येक वस्तू संशयास्पद वाटू लागते. १८९० च्या दशकात याच डेप्युटी साहेबांनी कुरआनचा उर्दू तर्जुमा केला. लूतचा किस्सा त्यांनी वगळला नाही, वगळताही येत नव्हता. म्हणजे एकाच कलमातून पीनल कोड उतरला, शाळेचे पुस्तक उतरले आणि अल्लाहचे कलामही उतरले. झाकले गेले ते फक्त शाळेचे पुस्तक. अखेरच्या काळात त्यांनी ‘उम्महातुल उम्मा’ लिहिले. त्यातली घरगुती बोली लोकांना बेअदबी वाटली आणि इतका गदारोळ झाला की त्या पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. १९१२ मध्ये डेप्युटी साहेब वारले. कलीमची खोली त्यांना त्या दिवसांत आठवली असेल का, हे आम्हाला नेहमी वाटते.

गझलचे काम हाली साहेबांनी केले. लाहोरच्या सरकारी बुक डेपोत इंग्रजीवरून झालेल्या उर्दू तर्जुम्यांची भाषा नीट करण्याची नोकरी त्यांनी केली होती. १८९३ मध्ये आलेल्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त त्यांनी सल्ला दिला की माशूक पुरुष की स्त्री हे कळू नये असेच शब्द गझलेत वापरावेत, टोपी, पगडी, मिसरूड यांचा उल्लेख टाळावा. आणि जुन्या शायरीतली ‘रेख्ती’, जिच्यात बाईच्या तोंडून बोलले जाई आणि कधी बाईचे बाईवरचे प्रेमही येई, ती तर वर्गाच्या आसपासही फिरकली नाही.

हालींचा सल्ला सगळ्यांनी मानला, तरी व्याकरण कुठे लपणार? फारसीत सर्वनामाला लिंग नाही, पण उर्दू क्रियापदाला आहे. गझलेतला माशूक ‘आता है’, ‘जाता है’, ‘रूठता है’. आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत नववीच्या वर्गात एका मुलाने विचारले, “सर, शायर मर्द है, तो माशूक ‘आती है’ क्यों नहीं?” प्रश्न व्याकरणाचा होता. आम्ही म्हणालो, “यहां माशूक से मुराद खुदा है. बैठ जाओ.” मागच्या बाकावर कोणीतरी खुसफुसले, वर्ग हसला. तो मुलगा बसला. त्याचे पुढे सांगतो.

आमचे उत्तर पूर्ण खोटे नव्हते. इश्क-ए-मजाजीतून इश्क-ए-हकीकीकडे जाण्याची वाट सूफींनी मानली आहे. पण वाटेची पहिली पायरी आम्ही गिळून टाकली होती. सिराज औरंगाबादी यांच्या शहरात (आता छत्रपती संभाजीनगर) आमचे बी.एड. झाले. त्यांची एक गझल अबिदा परवीनच्या आवाजात जगभर गेली, लोक ती ऐकून डोळे मिटतात. त्याच सिराज साहेबांनी १७४७ मध्ये ‘बोस्तान-ए-खयाल’ ही मसनवी लिहिली. तिच्यात एका तरुणावर जडलेल्या प्रेमाची आणि त्यात झालेल्या फरफटीची हकीकत ते स्वतःच्या तोंडाने सांगतात आणि शेवटी अल्लाहकडे वळतात. हे त्यांनी लपवले नाही, आणि लोकांनी त्यांना वली मानायचे सोडले नाही. १७६३ मध्ये ते गेले. त्यांच्या मजारवर आम्ही फातिहा पढलो आहोत. ही मसनवी मात्र संपूर्ण बी.एड.मध्ये आणि त्याआधीच्या उर्दूच्या पदवीतही कोणी आमच्यापुढे उघडली नाही.

विसाव्या शतकात हे मौन एका शिक्षिकेने मोडले. इस्मत चुगताई यांना सगळे अफसानानिगार म्हणून जाणतात; त्या बी.ए., बी.टी. होत्या, आणि बी.टी. म्हणजे आमच्या बी.एड.चे जुने नाव, हे आम्ही शिक्षकांनी तरी लक्षात ठेवावे. त्या अलीगढला शिकल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत शाळा-तपासनीस होत्या. १९४२ मध्ये ‘अदब-ए-लतीफ’मध्ये त्यांची ‘लिहाफ’ छापून आली. नवाब साहेबांचे लक्ष दुसरीकडे, बेगम जान एकटी, आणि तिची सोबतीण रब्बो. हे सारे एका अजाण मुलीच्या नजरेतून. लाहोरच्या अदालतीत खटला झाला. मंटोही त्यांच्याबरोबर होते, त्यांच्यावर ‘बू’चा खटला होता. साक्षीदारांना कथेत एक अश्लील शब्द दाखवता आला नाही आणि खटला पडला.

आम्हाला खटल्यापेक्षा त्यांच्या आठवणींतला दुसरा प्रसंग मोलाचा वाटतो. लाहोरात एका वडीलधाऱ्या लेखकाने त्यांना ‘लिहाफ’वरून फैलावर घेतले. इस्मत आपांनी ‘बहिश्ती जेवर’चे उदाहरण दिले. मौलाना अशरफ अली थानवींचा हा ग्रंथ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, मुसलमान मुलीला जहेजमध्ये कुरआनाबरोबर दिला जाई. पाकी-नापाकीचे, गुस्लचे सगळे मसले त्यात उघड लिहिलेले आहेत. लहानपणी ते वाचून आपण हादरलो, पण बी.ए. झाल्यावर पुन्हा वाचले तेव्हा कळले की यात घाण काही नाही, समजत्या माणसाला माहीत असावे असेच हे आहे, असे त्या म्हणाल्या. म्हणजे देवबंदचा मौलाना मुलींशी ज्या विषयावर बोलत होता, त्यावर शाळा बोलत नव्हती! आज आमच्या सहकारी भगिनी शास्त्राच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देतात आणि कारण विचारले तर दीनचे नाव सांगतात.

अलीगढचे नाव निघाले आहे तर आता डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्याबद्दल लिहिले पाहिजे. हे मराठी अंकात लिहावे असेच आहे, कारण हा मराठीचा प्राध्यापक होता. नागपूरकडचे सिरस सर अलीगढ मुस्लिम युनिव्हर्सिटीत वीसेक वर्षे मराठी शिकवत होते आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. स्वतः कवी होते, त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या संग्रहाला महाराष्ट्रात पुरस्कारही मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. सर एका सायकलरिक्षावाल्याबरोबर होते. दोघे सज्ञान, दोघे राजी, घर सरांचे. दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीने सरांना गैरवर्तनासाठी निलंबित केले आणि क्वार्टर सोडायला सांगितले. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. कायद्याने त्यांनी काही गुन्हा केलेला नव्हता. दिल्ली हायकोर्टाने २ जुलै २००९ लाच अशा संबंधांना ३७७ मधून बाहेर काढले होते. अलाहाबाद हायकोर्टाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सर भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. मृत्यूचा उलगडा झाला नाही.

ज्या लोकांनी कॅमेरा आत नेला त्यांना आम्ही एक प्रश्न विचारू इच्छितो. दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय शिरू नका, ही सूरह नूरची आयत आहे. ‘तजस्सुस करू नका’, कोणाच्या छुप्या गोष्टींचा माग काढू नका, ही सूरह हुजुरातची आहे. या दोन आयतींचे काय? अलीगढचे कॉलेज उभे राहिले तेव्हा डेप्युटी साहेब आणि हाली साहेब सर सय्यद यांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. गुलिस्तानवर झाकण ठेवणारे आणि माशूकची पगडी उतरवणारे हेच दोघे. सव्वाशे वर्षांनी त्याच आवारात लोकांना मराठीच्या एका म्हाताऱ्या मास्तराबद्दल बोलायला कॅमेऱ्याखेरीज दुसरी भाषा सुचली नाही.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३७७ परत आणले, ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांच्या संमतीपुरते रद्द केले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. डेप्युटी साहेबांची ‘ताजीरात-ए-हिंद’ त्या दिवशी संपली. शाळेच्या कपाटातली प्रत आहे तिथेच आहे.

आता त्या नववीच्या मुलाचे. आवाज नाजूक, चाल नाजूक, उर्दूचे अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर. त्या तासानंतर मुलांना त्याच्यासाठी एक नवे नाव मिळाले. ते नाव आम्ही इथे लिहिणार नाही, वाचकांना ते माहीत आहे. मुतारीत त्याला अडवत, वहीवर ते नाव लिहून ठेवत. स्टाफरूममध्येही ते नाव पोहोचले, एका सरांनी त्यावर एक किस्सा रंगवून सांगितला आणि आम्ही सगळे हसलो. आम्ही म्हणजे आम्हीही. मुलगा एकदा मधल्या सुट्टीत आमच्याकडे आला होता, काहीतरी बोलायचे होते. आम्ही पेपर तपासत होतो. जोहरच्या आधी ये म्हणालो. तो आला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतही आला नाही. महिन्याभराने वडील दाखला न्यायला आले. साधा माणूस, हातगाडीवर फळे विकायचा, सारखा म्हणत होता, “क्या हुआ सर, कुछ बताता ही नहीं.” आम्ही वर्गशिक्षक असल्याने दाखला आम्हीच भरला. वर्तणूक : चांगली. अभ्यासातील प्रगती : समाधानकारक. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्याशी कलम थोडे थांबले. मग आम्ही लिहिले, पालकांची विनंती.